चार वाजताचा चहा

११ नोव्हेंबर

या डायरीवर पतसंस्थेचं नाव सोनेरी अक्षरांत छापलंय. जानेवारीत यांना अशा तीन मिळाल्या होत्या. सप्टेंबरात संस्थेला कुलूप लागलं आणि डायऱ्या कोऱ्याच राहिल्या. संस्थेकडून आमच्या पदरात पडलेली एवढीच वस्तू, तर वापरून टाकते. पहिल्या पानावर १ जानेवारी होतं, ते खोडून आजची तारीख घातली. खर्चाची वही वेगळी आहे. इथे ते लिहिणार, जे घरात कुणाला ऐकवता येत नाही.

तर कर्ज दोन लाख वीस हजार. हे, म्हणजे माझे मिस्टर धम्मरत्न, अकरा वर्षं त्या पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. रोज संध्याकाळी दुसरबीडमध्ये दारोदार फिरायचं, कुणाकडून दहा, कुणाकडून पन्नास गोळा करायचे आणि त्यांच्या पुस्तकावर सही करायची. संस्था बुडाल्यावर बाकीचे एजंट मोबाईल बंद करून बसले. आमच्याकडचे मात्र राजा हरिश्चंद्र निघाले. ज्यांचे दहा हजारांच्या आतले अडकले होते, अशा एकतीस गरिबांचे पैसे यांनी स्वतः कर्ज काढून परत केले. माझी सोन्याची पोत गहाण, वर बचत गटाचं कर्ज, त्यावर फायनान्सवाल्यांचं.

मी विचारलं, "बुडवले संस्थेनं, अन् तुम्ही काऊन भरता?"

म्हणाले, "संस्था कोणाच्या दारात गेली होती? मीच गेलो होतो ना."

यावर मी पुष्कळ बोलले. पण तोवर पैसे वाटून झाले होते.

आता महिन्याला नऊ हजार चारशेचा हप्ता, दहा तारखेला. पहिला कालच भरला. यांना सिमेंट-लोखंडाच्या दुकानात अकरा हजार पगार. उरलेल्या सोळाशेत आणि माझ्या शिवणकामात चौघांचं घर चालवायचं. आम्ही दोघं, अकरावीतली लेक वैष्णवी आणि आबा, म्हणजे सासरे सहदेव. हे म्हणतात कसं होईल. मी म्हटलं, घर माझ्या हातात द्या आणि मध्ये बोलू नका.

१४ नोव्हेंबर

केबल बंद. पेपर बंद. आंघोळीचं पाणी चुलीवर, म्हणजे सिलिंडर तीन महिने पुरेल. वैष्णवीच्या शॅम्पूच्या पुड्या बंद, तिने तोंड फुगवलं. लसूण चारशे रुपये किलो झालाय म्हणून घरात लसणाला बंदी. आज वरणाला नुसत्या जिऱ्याची फोडणी दिली. यांनी एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने जेवले. आबांनी तर "झकास झालं" म्हटलं. आबांना काहीही वाढा, झकासच होतं.

दूध एक लिटरचं अर्धा लिटर केलं, तर दुपारीच संपलं. जातं कुठे म्हणून पाहिलं. सकाळी चौघांचा चहा आणि चार वाजता आबांचा दरबार.

दरबारात माणूस एकच. तुळशीराम काका. माळीपुऱ्यातून रोज चारला येतात, फाटकातूनच "जयभीम, सूनबाई" म्हणतात आणि ओट्यावर आबांच्या शेजारी बसतात. बोलणं फारसं नसतं, दोघं हायवेकडे जाणारे ट्रक बघतात. पण कप दोन, कधी चार. त्यांचेही संस्थेत चौदा हजार सहाशे अडकलेत. दहा हजारांच्या वर म्हणून यांच्या यादीत बसले नाहीत. काका "राहू दे बे" म्हणाले. आबा मात्र म्हणाले, "त्याचं खातं मी उघडाले लावलं होतं. माह्या पोराचं काम हाये म्हनून." यांनी मान खाली घातली. मी विषय बदलला, कारण आणखी चौदा हजार आणायचे कुठून?

१८ नोव्हेंबर

आबांना तोंडावर "चहा बंद" म्हणणं माझ्याने होणार नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. सासूबाई बोलायच्या आणि आबा जाड भाकरी मागून घ्यायचे. असा माणूस. आणि आलेल्याला चहाशिवाय पाठवणं म्हणजे उद्यापासून येऊ नका असंच सांगणं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मग युक्ती केली. चारला काका येऊन बसले, तशी आतूनच मोठ्याने म्हटलं, "आबा, दूध नासलं हो!"

१९ नोव्हेंबर

आज पुन्हा नासलं. काका हसून म्हणाले, "थंडीत नासते काय दूध, सूनबाई?" आबा हसले नाहीत.

२१ नोव्हेंबर

आज मला काही म्हणावंच लागलं नाही. काका टेकतात न टेकतात तोच आबा उठले, काठी घेतली. "चाल बे तुळशा. मले डॉक्टरनं चालाले सांगतलं. आता मीच येत जाईन तुह्याकडं, तू नोको तरास घेऊ."

आबा शेवटचे डॉक्टरकडे कधी गेले ते मला आठवत नाही. पण एक वाकडा शब्द न बोलता काम झालं. रोजचं पाव लिटर वाचलं. हे घरी आल्यावर सांगितलं तर म्हणाले, "आबाले वाईट नाही ना वाटलं?" मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला चालणं बरं असतं.

६ डिसेंबर

सकाळी विहारात वंदनेला गेलो. दरवर्षी आबा चैत्यभूमीला जातात, गावातली मंडळी मिळून. यंदा गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. रोज दुपारी तीनला निघून सहाला येतात, तेव्हा गुडघे दुखत नाहीत. असो, प्रवासातलं खाणंपिणं वाचलं.

संध्याकाळी त्यांनी वैष्णवीला ती बहात्तरची गोष्ट सांगितली. मी लग्नापासून ऐकतेय. दुष्काळात आबा आणि तुळशीराम काका रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. पाण्याची मडकी ज्या त्या जातीची वेगळी, आमच्या लोकांचं तर झाडाच्या पलीकडे. एका दुपारी काका उठले, झाडापलीकडे आले आणि आबांच्या मडक्यातलं पाणी पिले. त्यावरून काकांच्या आईने महिनाभर त्यांना घरात घेतलं नाही. तेव्हापासून काकांचा चहा आमच्याकडे. ठीक आहे, पिले पाणी. मोठं मन होतं. पण त्या पाण्याच्या बदल्यात मी किती वर्षं दूध घालायचं?

हे लिहिलं खरं, पण वाचून बरं वाटत नाही. राहू दे. इथे खरं लिहायचं ठरलंय.

२१ डिसेंबर

दुसरा हप्ताही वेळेवर गेला. मला स्वतःचं कौतुक वाटतंय आणि ते करणारं दुसरं कुणी नाही. दुपारी घर कसं शांत असतं. आबा नाहीत, काका नाहीत, मी मशीनवर बसले की दोन ब्लाऊज सहज होतात.

एक गंमत. आबांच्या हाताला लसणाचा वास येतो. जेवायला वाढताना आला. मी म्हटलं, "आबा, तुळशीराम काकांकडं लसणाची चटणी खाऊन राह्यले काय?" तर म्हणाले, "हाव, असते कधीकधी." इथे आम्ही जिऱ्यावर दिवस काढतोय आणि माळीपुऱ्यात चटण्या चालल्यात. वर आमच्या घरची भाकरी दीडावरून एकावर आणलीय त्यांनी. तिकडेच पोट भरत असणार.

४ जानेवारी

आबांनी कोपरीच्या खिशातून मूठभर सोललेला लसूण काढून ओट्यावर ठेवला. "देला एकानं." मी हरखलेच. आज खूप दिवसांनी फोडणीचा खरा वास घरात पसरला. वैष्णवी दोनदा वरण-भात जेवली. सोललेला कोण देतं, असं एकदा मनात आलं, पण दिला तर दिला.

१९ जानेवारी

आबांची बोटं पाहिली. नखांपाशी सालटं निघालीत, अंगठ्याला फोड. थंडीने झालं म्हणतात. मी खोबरेल तेल दिलं, तर बोटं बुडवून बुडवून लावत बसले. मी म्हटलं, "आबा, बाटली महिनाभर पुरवायची हाये." लगेच झाकण लावून ठेवलं. नंतर मला चुटपुट लागली. पण एकदा सैल सोडलं की सगळंच सुटतं.

१२ फेब्रुवारी

आज माझा राग अनावर झाला. वैष्णवी कॉलेजातून एस.टी.ने आली आणि म्हणाली, "आई, आबा हायवेवरच्या हॉटेलात बसेल होते. मी खिडकीतून पाह्यलं."

सहाला आले तसं मी विचारलं, "तुम्ही हॉटेलात जाता?"

आबांनी काठी कोपऱ्यात टेकवली.

"आम्ही इथं सकाळी काळा चहा पिऊन राह्यलो अन् तुम्ही हॉटेलात दुधाचा? कोण पाजते रोज? का निराधार योजनेचे पैसे आले अन् सांगतलं नाही?"

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बसतो तिथं, खरं हाये. चहा नाही पेत, बाई."

मी भांडी आपटली. वैष्णवी रडायला लागली. हे आले तेव्हा आबा पांघरूण घेऊन पडले होते. म्हातारपणी जिभेला आवर नसतो, असं मी यांना सांगितलं. हे आबांच्या उशाशी जाऊन बसले. यांचं हे न बोलणंच मला जास्त खुपतं.

२ मार्च

चार हप्ते झाले. सोन्याची पोत सुटायला अजून सात. यांनी हिशेब मांडून दाखवला, मग दोघंही बराच वेळ हसलो, कशावर ते नीट आठवत नाही. वैष्णवीच्या जुन्या फ्रॉकचं दप्तर शिवलं, ते एकीने साठ रुपयाला विकत नेलं.

आबा हल्ली संध्याकाळी सातलाच झोपतात.

२९ मार्च

ऊन भयंकर. भर तीनला आबा निघतात. "जाऊ नोका, ऊन उतरू द्या," म्हटलं. तर म्हणाले, "आज शनवार हाये, तुळशाकडं जानंच हाये." मी म्हटलं, जाता तर रोजच. ते हसले आणि डोक्याला ओला दुपट्टा बांधून गेले. मला जरा हायसं वाटलं, कारण हॉटेलावरून मी बोलले त्यानंतर ते माझ्यासमोर हसले नव्हते.

२३ एप्रिल

डायरी उघडावीशी वाटत नव्हती. तरी लिहिते.

साडेचारला दारात पिकअप थांबली. हॉटेलवाला हरिओम आणि त्याचा माणूस आबांना धरून उतरवत होते. आबांचं अंग तापलेल्या तव्यासारखं, डोळे अर्धे उघडे, तोंड वाकडं झालेलं.

"ताई, बाबा मागच्या शेडमधी लसून सोलत होते. बसल्या बसल्या कलंडले एकदम. पत्र्याचं शेड, तापते लय."

मला कळेना. "लसूण कोण सोलत होतं?"

"बाबा. नोव्हेंबरपासून येतात ना. किलोले बारा रुपये देतो मी. रोजचा चार-पाच किलो सोलतात. लय साफ हात." तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुमाले माहीत नाही?"

त्याच पिकअपमध्ये सिंदखेडराजाच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी जालन्याला न्यायला सांगितलं. हे आबांसोबत गेलेत. मी वैष्णवीजवळ आहे.

"चहा नाही पेत, बाई." ते खरं बोलत होते. आणि मी भांडी आपटली.

२५ एप्रिल

सकाळी आबा गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

२८ एप्रिल

घर माणसांनी भरलंय. सगळे मला सांगतात, तू किती केलंस आबांचं. मी मान हलवते.

यांनी मला एक शब्दही विचारला नाही. काल फक्त आबांची काठी पुसत होते, तेव्हा म्हणाले, "माह्यामुळं झालं हे." मी म्हणायला हवं होतं की नाही, माझ्यामुळं. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही आणि त्यांनी तो अपराध आपल्याकडे ठेवून घेतला. आजही मी तो परत मागितलेला नाही.

एक गोष्ट लिहितेच, लाज वाटली तरी. काल सगळे जेवत असताना मी आबांची पेटी उघडून पाहिली. पाच महिने रोज पन्नास-साठ रुपये, कुठे ठेवले असतील? पेटीत दोन धोतरं, चष्म्याचं घर, सासूबाईंचा फोटो. पैसे नव्हते. बाप गेला आहे आणि सून त्याची मजुरी शोधतेय. आबांना मी बापच मानत होते. हे आज लिहून काय उपयोग, पण मानत होते.

४ मे

आबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी परवा झाला. त्या दिवशी तुळशीराम काका मांडवात अगदी मागे बसले होते, जेवले नाहीत. आज दुपारी आले. फाटकाशी काही म्हणाले नाहीत. ओट्यावर बसले, पण आबांच्या जागेपासून लांब. घरात मी एकटीच होते. हे दुकानात गेलेत, नाही गेले तर पगार कापतात.

काकांनी बंडीच्या खिशातून कापडाची पुरचुंडी काढून पुढे ठेवली.

"हे सहदेवचे हायेत. सात हजार दोनशे. एक नोट नाही मोडली मी."

"तुमच्याकडं कसे?"

"दर शनवारी यायचा. तीनशे देई, कधी साडेतीनशे. म्हने, माह्या शब्दावर टाकले होते तू, मी फेडतो. धम्मरत्नले सांगू नोको, त्याच्यावर आधीच लय हाये. मी पह्यल्या वेळी म्हटलं, मले नोको बे. तर काठी घेऊन उठलाच. म्हने, मंग मी कोन्या तोंडानं येऊ तुह्या घरी? तवा घेतले. घेतले तर बसे घडीभर."

म्हणजे ते रोज काकांकडे जात नव्हते. आठवड्यातून एकदा, पैसे द्यायला जात होते.

मला काहीतरी बरं ऐकायचं होतं. मी म्हटलं, "तुमच्याकडं चहा तरी घेत असतील, काका."

काकांनी मान हलवली. "नाही पेला. पन्नास साल मी तुमच्या घरी येऊन पेलो, सूनबाई. माही माय होती तोवर त्याले मी घरात घेऊ शकलो नाही. ओट्याच्या खाली उभा राहून बोले माह्याशी. मंग मायच्या मांगं बायको, तीही तशीच. आता घरात मी एकटा. तो पह्यल्यांदा आत येऊन खाटेवर बसला, तर मले वाटलं, माह्या हातचा आता तरी घेईन. दर शनवारी मांडो मी. तर म्हने, नोको बे, माह्या समतानं घरी मांडला असन, वाट पाहून राह्यली असन ते. दोनदा पेलो तर तिले वाईट वाटते."

पाच महिने आबा माझी अब्रू राखत होते. ज्या माणसासमोर मी दोनदा दूध नासवलं, त्याच माणसाला ते दर शनिवारी सांगत होते की माझी सून चहा मांडून वाट बघते. काकांना खरं ठाऊक होतं. आबांनाही ठाऊक असणार की काकांना ठाऊक आहे. तरी एक सांगत राहिला आणि दुसरा ऐकत राहिला.

मी रडले. काकांसमोरच रडले, ओरडून. ते उठले नाहीत, समजूतही घातली नाही. माझं रडणं थांबेपर्यंत ते रस्त्याकडे पाहत बसले.

मग म्हणाले, "ठेव हे. धम्मरत्नच्या हप्त्यात टाक."

मला सांगायचं होतं, काका, हे पैसे तुमचे आहेत. अजून सात हजार चारशे तुमचे आमच्याकडे बाकी आहेत, तेही फेडू. हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण दवाखान्याला आणि पिकअपला यांनी दुकानातून उचल घेतलीय, या महिन्यात पगार निम्माच हातात येणार, आणि दहा तारखेला सहा दिवस राहिलेत.

मी पदर पुढे केला आणि पैसे घेतले. काका हात जोडून निघाले. ते फाटकाबाहेर गेल्यावर मी ते मोजलेसुद्धा. बरोबर सात हजार दोनशे होते.